फट

मी यझ्दचा दंतवैद्य. मोबेद दीनयारचा मुलगा,
ज्यानं पाठ अर्ध्यावर टाकला आणि चिमटा हातात घेतला.

आज वडील माझ्याच खुर्चीत, आ वासून.
एकोणऐंशी वर्षांचं तोंड.
पुढचे दात पिवळे, पण एकमेकांना टेकून उभे,
जुन्या मोहल्ल्यातल्या मातीच्या घरांसारखे.
मी आरसा फिरवून फिरवून पाहतो.
कुठंच फट नाही.

मग ती शीळ येते कुठून?

बहात्तर अध्यायांत एकाच ठिकाणी,
एका शब्दाच्या शेवटी, बारीक,
दाराखालून वाळवंटाचा वारा यावा तशी.
अकराव्या वर्षी मी तो शब्द स्वच्छ म्हटला होता.
"पुन्हा," वडील म्हणाले.
मी पुन्हा स्वच्छ म्हटला.
"पुन्हा."
सातव्यांदा त्यांनी माझा कान पिळला
आणि मी शीळ घातली.
त्या वर्षी डाळिंबं फार आली होती, एवढंच आठवतं,
आणि कान दोन दिवस त्यांच्याच रंगाचा होता.

घरात सांगतात:
सात पिढ्यांमागचे खोदामोराद केरमानला निघाले
आणि वाटेत गाढवावरून पडले.
दात तिथंच चिखलात राहिला.
दुसऱ्या पहाटे अग्नीसमोर, तोंडावर पांढरं पदान बांधून,
त्यांनी म्हणायला सुरुवात केली
आणि त्या एका शब्दाशी हवा निसटली.
समोर सहा पोरं मांडी घालून, कान टवकारून.
पोरांनी सगळं उचललं:
चढ, उतार, श्वास कुठं घ्यायचा ते,
आणि शीळही.
विचारायची रीत नव्हती.
पोथी होती म्हणे, पण लग्नात आलेल्या भांड्यासारखी,
फडताळात, कापडात गुंडाळलेली.
खरी पोथी म्हणजे म्हाताऱ्याचं तोंड.
तेव्हापासून आम्ही सगळे, बत्तीस दात शाबूत असलेले,
त्यांच्या त्या फटीतून बोलतो.

शिराझच्या परिषदेत पालघाटचा नीलकंठन भेटला.
तोही माझ्यासारखाच, शिकता शिकता पळालेला.
जेवताना, भाताची खरपुडी मोडत, सांगू लागला:
मामा डोक्याला धरून मान वाकवायचा,
स्वर खाली तर मान खाली, स्वर वर तर मान वर.
शब्द सुलटे, मग उलटे,
मग पुढचा मागं, मागचा पुढं, वेणी घातल्यासारखे.
एखादा गळलाच तर जिभेला लगेच कळावं,
पडलेल्या दाताची जागा कळते तसं.

तो म्हणाला, सप्त.
मी म्हणालो, हप्त.
तो म्हणाला, सोम.
हओम, मी म्हणालो, आणि माझ्या हातातला चमचा खाली आला.
अर्थ दोघांनाही धड सांगता येत नव्हता,
पण माना एकाच वेळी हलल्या.
"तुमचा स कुठं पडला रे?" त्यानं विचारलं.
मी म्हटलं, डोंगर ओलांडताना
आमचा कुणीतरी घोड्यावरून पडला असणार.
आम्ही इतके हसलो की वाढपी थबकला.
रात्री खोलीवर मात्र मला हसू येईना.
त्या घोड्याआधी कोण होतं?
कुणाच्या तोंडून पहिल्यांदा?
गुरं राखताना, की थंडीत आगीला लाकूड घालताना,
आणि त्याचे तरी दात धड होते का?

"चूळ भरा," मी म्हणतो.
वडील चूळ भरतात, थुंकतात,
आणि सवयीनं ओठांतल्या ओठांत सुरू होतात.
कोपऱ्यातल्या स्टुलावर वीदा बसलेली, साडेसहा वर्षांची,
पाय हलवत. तिला कुणी शिकवलेलं नाही.
ती मागोमाग म्हणते.

तो शब्द येतो.

परवाच तिचे दुधाचे दोन दात पडलेत.

वडील मान वळवून तिच्याकडे बघतात, मग माझ्याकडे.
मी काही बोलत नाही.
चिमटा उकळायला ठेवतो.
नवे दात यायला अजून दोन-तीन महिने आहेत.